‘आयुष्यभर’ आणि ‘एका दिवसात बंद’ याच्या मधलं पण काहीतरी छापा

संपादक महोदय,
स.न.

गेले तीन आठवडे तुमच्या वाचकांच्या पत्रांत गोळ्यांवरून जे चाललंय ते मी वाचतेय. आधी एका काकांनी लिहिलं की सायकोसिसच्या (नसलेले आवाज ऐकू येणं, भलते संशय घट्ट बसणं, त्या आजाराच्या) गोळ्या चष्म्यासारख्या असतात, एकदा लागल्या की लागल्या, आयुष्यभर घ्यायच्या, चर्चा नको. पुढच्या आठवड्यात एक ताई म्हणाल्या या गोळ्या म्हणजे निव्वळ विष, माझ्या भाच्याने एका दिवसात सगळ्या फेकल्या आणि तो आता ठणठणीत आहे. मग तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या उरावर. या सगळ्या गदारोळात गोळी ज्याच्या घशाखाली उतरते त्याचं एकही पत्र दिसलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी बावीस वर्षं घेतेय.

चोविसाव्या वर्षी माझा पंखा बोलायला लागला. हसलात तर हसा, आता मलाही हसू येतं, पण तेव्हा छताचा पंखा दोनवर ठेवला की त्या घरघरीतून ऑफिसातल्या दोघींचे आवाज यायचे, हिने पैसे खाल्ले हिने पैसे खाल्ले, एवढंच, दिवसभर. मी अकाउंट्समध्ये आहे, ताळा जुळला नाही तर घास न उतरणारी बाई, मला दुसरं काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. मी पंखा बंद करून घामाघूम बसायचे. मग ॲडमिट केलं, रिस्पेरिडोन सुरू झाली, वाढवत वाढवत सहा मिलिग्रॅम, आणि हात थरथरू नयेत म्हणून सोबत अजून एक. पाच-सहा आठवड्यांत पंखा नुसता पंखा झाला. हे मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की ही बाई गोळ्यांच्या विरोधात आहे. गोळीनेच मला परत आणलं, त्यात वाद नाही.

पण गोळीने जे नेलं तेही सांगते. पहिल्या दोन वर्षांत एकोणीस किलो वजन वाढलं. पाळी बंद झाली. आणि एक दिवस कुर्त्यावर ओला डाग दिसला, लग्न नाही मूल नाही आणि छातीतून दूध येतंय. मी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही कारण मला वाटलं हाही भासच आहे, डाग दुसऱ्या कुणाला दिसतोय का ते कळावं म्हणून तो कुर्ता मुद्दाम वहिनीच्या समोर वाळत घातला. खूप नंतर समजलं की दूध आणणारं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन असतं, त्याला डोपामिन हे मेंदूतलं रसायन दाबून ठेवतं, गोळीने डोपामिनचं काम अडवलं की ते मोकाट सुटतं, रिस्पेरिडोनमध्ये हे जास्त होतं आणि साध्या रक्ताच्या टेस्टमध्ये दिसतं. नऊ वर्षांत ती टेस्ट कुणी लिहून दिली नव्हती. मी पाळीचं बोलले की विचारायचे, आवाज येतात का आता? नाही ना? मग झालं तर.

आणि वजन-पाळी निदान दुसऱ्याला सांगता तरी येतं. ते जे आतून सगळं सपाट होतं ते कसं सांगणार? आजी गेली तेव्हा मला रडू आलं नाही. मी उभी होते आणि मनात म्हणत होते आता रडायला पाहिजे, लोक बघतायत. आता हे गोळीमुळे की आजारामुळे, ते वेगळं काढता येत नाही, आजारातही भावना बोथट होतात हे मलाही माहितीय.

तर तेहतिसाव्या वर्षी मी गोळ्या बंद केल्या, एका दिवसात, कुणाला न सांगता. रात्री गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, आई गेली की टिशूत गुंडाळून ऑफिसच्या पर्समध्ये. त्या ताईंच्या भाच्यासारखंच. पहिले काही दिवस असे गेले की डोक्यावरचं भिजलेलं घोंगडं कुणीतरी उचलून नेलंय, सकाळी लवकर जाग यायची, रंग जास्त रंगीत दिसायचे. दुसऱ्या आठवड्यात झोप गेली, रात्री घाम, मळमळ, आणि पायांना चैन नाही, बसले की उठायचं, उठले की चालायचं. पाचव्या आठवड्यात पंखा बोलला. पुढचं सविस्तर लिहीत नाही, दादाला मला उचलून गाडीत घालावं लागलं एवढंच सांगते. दीड महिना ॲडमिट, डोस आठवर, आणि फाइलवर लाल पेनाने शेरा, औषध टाळते, लक्ष ठेवावे. तेव्हापासून आई गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखव म्हणायची. चौतीस वर्षांच्या बाईला.

त्या प्रसंगातून घरातल्यांनी, डॉक्टरांनी आणि मी स्वतःही एकच धडा घेतला, गोळी सोडली की आजार येतो. सहा वर्षं मी तोच धडा धरून बसले. मग आमचे डॉक्टर निवृत्त झाले आणि नवीन मॅडम आल्या, त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली (हेच मला आधी नवल वाटलं) आणि तो लाल शेरा बघून विचारलं, किती दिवसांत बंद केली होती? मी म्हटलं एका दिवसात. त्या म्हणाल्या मग गोळी बंद झाली म्हणून त्रास झाला की एकदम बंद झाली म्हणून, हे तुम्ही कशावरून ठरवलं? मी गप्प. त्याच पुढे म्हणाल्या, मलाही ठरवता येणार नाही, दोन्ही असू शकतं.

मग त्यांनी समजावलं ते माझ्या हिशोबी डोक्यात लगेच बसलं, आणि माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात कामाचं तेच आहे, म्हणून जरा दमाने लिहिते. मेंदूत डोपामिनच्या जागा असतात, रिसेप्टर, दारं म्हणा हवं तर. गोळी जाऊन त्या दारांत उभी राहते. किती डोसला किती दारं अडतात हे पेट स्कॅन (मेंदूच्या आतलं काम दाखवणारी तपासणी) करून १९९० च्या दशकातच मोजलेलं आहे, आणि रिस्पेरिडोनचे आकडे साधारण असे की सहा मिलिग्रॅमला ८० टक्क्यांच्या जवळपास, चारला ७० च्या थोडं वर, आणि दोनला ६५ च्या आसपास. आता वजाबाकी करा. सहावरून दोनवर आलात, गोळीचा दोन तृतीयांश भाग गेला, तरी दारं मोकळी झाली जेमतेम पंधरा टक्के. आणि दोनवरून शून्यावर आलात, कागदावर फक्त दोन मिलिग्रॅम, तर उरलेली ६५ टक्के दारं एकदम सताड उघडी. सगळे जण करतात काय? वरचा डोस भीत भीत कमी करतात आणि शेवटची ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून अर्धी गोळी एका दिवसात सोडून देतात. इतकी वर्षं दारं अडवलेली असल्यामुळे मेंदूनेही आपल्या बाजूने जास्तीची दारं केलेली असतात असं मानतात, म्हणजे डोपामिन आलं की ते नेहमीपेक्षा जोरात लागणार. २०२१ मध्ये मार्क होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं की कमी करायचं तर ठरावीक मिलिग्रॅमने नाही, आत्ताच्या डोसच्या ठरावीक हिश्श्याने करा, म्हणजे जितकं खाली जाल तितकी पायरी लहान, आणि दोन पायऱ्यांत काही महिन्यांचं अंतर. (हे होरोविट्झ स्वतः अँटिडिप्रेसंट सोडताना पोळलेले डॉक्टर आहेत, म्हणून असेल कदाचित, त्यांना पायऱ्यांचं महत्त्व कळतं.) व्याजाचा हिशोब असतो तसंच की हे, घटत्या शिलकीवर!

अर्थात असंच कमी केलं तर आजार उलटणार नाही हे अजून कुणी छातीठोकपणे सिद्ध केलेलं नाही. मॅडमनीही तसं सांगूनच सुरुवात केली.

आम्ही जवळजवळ तीन वर्षं घेतली. आठवरून सहा, मग पाच, मग चार, दर वेळी तीन-चार महिने थांबून. मधे दादाची बदली झाली, घर हललं, तेव्हा आठ महिने काहीच कमी केलं नाही. दोनच्या खाली गोळीचे तुकडे जमेनात, ब्लेडने कापलं की एक तुकडा मोठा एक लहान आणि बाकी चुरा बोटाला, मग मॅडमनी रिस्पेरिडोनचं पातळ औषध लिहून दिलं, एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, ते छोट्या सिरिंजने ओढायचं. सुई नसलेली सिरिंज. ओढताना बुडबुडा आला की परत ढकलायचं, टिचकी मारायची, परत ओढायचं. वहिनी चष्मा वर करून रेघ बघायची आणि म्हणायची, थांबा हो ताई, अजून अर्धी रेघ. आम्ही एक वही केली होती, रोज तीनच रकाने, किती वाजता झोपले, किती वाजता उठले, आणि पंखा. पंख्याच्या रकान्यात शून्य, एक किंवा दोन. शून्य म्हणजे नुसता पंखा. वहिनीचा रकाना वेगळा होता, ती माझ्याविषयी तिला जे वाटेल ते लिहायची आणि मी ते वाचायचं नाही असं ठरलेलं. ती वही दर भेटीला मॅडमच्या टेबलावर.

आणि हे सगळं करूनसुद्धा मी शून्यावर पोहोचले नाही, हेही लिहायलाच हवं. दीडवरून एकवर आल्यावर तीन आठवडे छान गेले, मग वहीत झोप साडेसहावरून पाच, पाचवरून चार, आणि एका गुरुवारी मी पंख्याच्या रकान्यात एक लिहिलं. शब्द नव्हते, पण घरघरीत काहीतरी होतं. मी स्वतः फोन केला. मॅडम म्हणाल्या आजच दीडवर परत या आणि परवा भेटा. दहा-बारा दिवसांत झोप परत आली. मागच्या वेळी दीड महिना हॉस्पिटल आणि या वेळी दोन आठवडे वाईट झोप, फरक एवढाच की या वेळी मला लपवायला काही नव्हतं.

दीडवर मी चार वर्षं आहे. पाळी एकेचाळिसाव्या वर्षी परत आली. वजन निम्मंच उतरलं, ते तसंच राहणार बहुतेक. मागच्या वर्षी मावशी गेली तेव्हा मी ढसाढसा रडले आणि रडता रडता मला बरंही वाटत होतं, हे मावशीला कळलं असतं तर तिने टपली मारली असती.

आता आकड्यांकडे. कारण तुमच्या त्या दोन्ही पत्रांत ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ असं लिहिलं होतं आणि दोघांनी आपापल्या सोयीचं अर्धं सांगितलं. काकांची बाजू अशी की २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, जवळजवळ साडेसहा हजार पेशंट, गोळी चालू ठेवलेल्यांत वर्षभरात २७ टक्के लोकांना आजार उलटला आणि गोळीऐवजी नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिसायला तशीच गोळी, दिलेल्यांत ६४ टक्के. हा फरक लहान नाही, गोळी टाळावीशी वाटते त्या प्रत्येकाने हे दोन आकडे आधी कागदावर लिहून बघावेत. पण ते आकडे वर्षभराचे आहेत, आणि आपण बोलतोय वीस-तीस वर्षांबद्दल. लांबचं बघायला गेलं तर नेदरलँड्समध्ये पहिल्यांदाच आजारी पडलेल्या लोकांना सात वर्षांनी परत भेटले, २०१३ ला ते छापून आलं, त्यात ज्यांच्या गोळ्या सुरुवातीला कमी किंवा बंद करून बघितल्या होत्या त्यांच्यातले ४० टक्के चांगले सावरलेले आणि सरसकट चालू ठेवलेल्यांतले १८ टक्क्यांच्या आत. ताई टाळ्या वाजवतील. पण थांबा, हाँगकाँगमध्ये असंच दहा वर्षांनी बघितलं, २०१८ मध्ये आलं, तर तिथे बरोब्बर उलटं, ज्यांची गोळी लवकर बंद केली होती त्यांच्यात ३९ टक्क्यांची गत वाईट आणि चालू ठेवलेल्यांत २१ टक्क्यांची. दोन ऑडिटर, दोन ताळेबंद आणि सह्या दोन्हींवर.

माझ्यासारख्या जुन्या पेशंटसाठी सगळ्यात जवळची म्हणजे इंग्लंडमधली रडार ट्रायल, जोआना मॉनक्रिफ यांची, २०२३ ची. २५३ लोक, बहुतेक जण बरीच वर्षं गोळ्या घेणारे, निम्म्यांची गोळी हळूहळू कमी केली आणि निम्म्यांची चालू ठेवली. आशा अशी होती की कमी केलेले लोक रोजच्या जगण्यात, माणसांत वावरण्यात जास्त चांगले असतील. दोन वर्षांनी बघितलं तर त्यात काही फरक नाही. आणि हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करावं लागलं ते कमी केलेल्यांतल्या २५ टक्क्यांना आणि चालू ठेवलेल्यांतल्या १३ टक्क्यांना. म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट. हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. मग असंही वाटलं की कमी केलेल्यांतल्या चारांपैकी तिघांना ॲडमिट व्हावं लागलं नाही, आणि गोळी नीट घेणाऱ्यांतही काही जणांना व्हावं लागलंच. यातून ‘कमी करा’ असंही निघत नाही आणि ‘विचारूच नका’ असंही निघत नाही. धोका एवढा आहे, मिळायची शक्यता आहे ते असं आहे, तुम्हाला काय मोलाचं वाटतं, असा तो प्रश्न आहे आणि तो त्या माणसाला विचारायला पाहिजे.

काही जणांनी मात्र हा प्रयोग करूच नये असं मला स्पष्ट वाटतं, निदान आत्ता तरी. ज्यांच्या मागच्या आजारात जिवावर बेतलं होतं, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. ज्यांना अजून आवाज येतायत. ज्यांच्या घरात आत्ताच काही उलथापालथ चाललीय. क्लोझापिनवाल्यांनी (हेही याच आजाराचं औषध) तर मनाने एक गोळीसुद्धा इकडची तिकडे करू नये, ती एकदम थांबवली तर आजार फार जोरात उसळतो. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, सिगरेट! क्लोझापिन किंवा ओलान्झापिन हे त्याच जातीचं औषध चालू असताना सिगरेट एकदम सोडली तर रक्तातलं औषध वाढतं, कारण धुरामुळे लिव्हर ते भराभर संपवत असतं, आणि परत ओढायला लागलात तर उलटं, डोस तोच राहतो आणि आत औषध कमी पडतं. म्हणजे सिगरेट सोडू नका असं नाही, डॉक्टरांना सांगून सोडा. ज्यांची महिन्याची इंजेक्शनं चालू आहेत त्यांचं औषध बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे अंगात उरतं, त्यामुळे ‘बंद करून महिना झाला, काही झालं नाही’ याला काही अर्थ नसतो. आणि डोस कमी करताना ओठ, जीभ, बोटं आपोआप हलायला लागली तर ते लगेच दाखवायचं, वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळीचाच तो परिणाम असू शकतो आणि डोस उतरला की तो वर येतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन पहिल्यांदा या आजारासाठी वापरलं, तेव्हापासून सत्तर वर्षांवर झाली, गोळी कशी सुरू करायची, कशी वाढवायची, हे सगळं तपशिलात लिहिलेलं आहे, आणि उतरवायची कशी यावर आत्ता आत्ता लोक बोलायला लागलेत. पेशंटने ‘कमी करता येईल का’ विचारलं की तोच आजाराचा पुरावा होतो, इनसाइट नाही म्हणे, म्हणजे आपण आजारी आहोत हेच हिला कळत नाही. मग माणूस विचारायचं सोडून देतो आणि टिशूत गुंडाळायला लागतो. मला जर तेहतिसाव्या वर्षी कुणी म्हटलं असतं की बरं, बघू, आत्ता नको, पण सहा महिन्यांनी पाच करून बघू, तर मी ते सहा महिने मुकाट्याने घेतल्या असत्या. शंभर टक्के.

घरच्यांनाही मी दोष देत नाही, आईने मला त्या अवस्थेत बघितलंय, मी स्वतःला बघितलेलं नाही. तिची भीती खरी आहे. पण भीती असली तरी माणसाला विचारता येतं की तुला गोळीचा काय त्रास होतो, आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबता येतं. वहिनीने ते केलं. तिला डोपामिन वगैरे काही माहीत नव्हतं, तिला फक्त तो कुर्ता आठवत होता.

आणि चष्मावाल्या काकांना एवढंच, काका, चष्म्याचा नंबर तरी तुम्ही मधून मधून तपासता ना?

पत्र फार लांबलं, काटछाट करायला हरकत नाही, पण आकडे कापू नका आणि मी शून्यावर पोहोचले नाही ते वाक्य तर मुळीच कापू नका. मागच्या भेटीत मॅडमनी विचारलं, दीडवरून सव्वावर येऊन बघायचं का, या वेळी अजून लहान पायरी. मी अजून हो म्हटलं नाहीये. वर्षअखेरीचे हिशोब तोंडावर आहेत, त्या दिवसांत माझी झोप तशीही कमी होते, ते संपू देत मग बघू असं सांगितलंय. वहिनीने नवीन वही आणून ठेवलीय, रकाने आखलेत, अजून कोरे आहेत.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये, ऑफिसात माहीत नाही.)